परसातल्या शेडमधले उंदीर: आधी भोक, मग चाप

पुण्यात ज्या घरांना मागे अजून थोडं परस उरलंय, मग ते सहकारनगरातलं असो, पाषाणचं असो की धायरी-बावधनकडचं, तिथे एक पत्र्याची शेड बहुधा असतेच. खताची पोती, बागेची हत्यारं, गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील, रंगाचे उरलेले डबे, पाहुण्यांसाठीच्या जादा गाद्या, सगळं तिथे जातं. मग पंधरा-पंधरा दिवस तिकडे कुणी फिरकत नाही. अंधार, ऊब, कापूस, कागद आणि थोडंफार खाणं एकाच ठिकाणी मिळाल्यावर उंदीर तिथे संसार थाटणारच.

लेंड्या दिसल्या की बहुतेक घरांत पहिली धाव विषाच्या वडीकडे असते. वडी कोपऱ्यात पडते, काही दिवसांनी कुजका वास सुटतो आणि महिन्या-दोन महिन्यांत नवे उंदीर हजर होतात. कारण साधं आहे. घरातल्या उंदराची मादी जन्मल्यापासून सुमारे ६ आठवड्यांत वयात येते, गाभण राहिल्यावर जेमतेम ३ आठवड्यांत विते आणि एका वेताला ५-६ पिल्लं सहज देते. नुसतं मारत राहून हा वेग गाठता येत नाही. शिरायला वाट आणि शिरल्यावर चघळायला काहीतरी आहे, तोवर ती जागा रिकामी राहत नाही. म्हणून खाणं हटवणं आणि भोकं बुजवणं हे मुख्य काम, चापाचा नंबर त्यानंतर. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे.

आत पाऊल टाकण्याआधी वायर बघा

शेडमध्ये दिवा, पाण्याची मोटर किंवा नुसता एखादा प्लग पॉइंट असेल, तर पहिलं काम मेन स्विच बंद करण्याचं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला तो सतत काहीतरी कुरतडतो. वायरवरचं प्लास्टिक त्याला फार सोयीचं पडतं. उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली की अख्खी शेड करंट धरते, आणि पावसात ओल्या पायाने कडीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कुरतडलेली वायर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, पूर्ण बदला. नवी वायर लोखंडी पाइपातून न्या आणि त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. गाडी शेडला लागून उभी राहत असेल तर बॉनेट उघडून तिथल्याही वायरी बघून घ्या.

नेमकं कोण आलंय?

यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून इथे घाई नको. आपल्याकडे चौघांपैकी कुणीतरी असतं.

घरातला छोटा उंदीर १५ ते २५ ग्रॅमचा. त्याची लेंडी तांदळाच्या कणीएवढी, ३ ते ६ मिलिमीटर, टोकांना निमुळती. एक उंदीर दिवसाला ५० हून जास्त लेंड्या टाकतो, त्यामुळे ढीग बघून दहा उंदीर आहेत असं समजू नका. दुसरा काळा उंदीर, म्हणजे झाडावरून आणि छपरावरून येणारा, लांब शेपटीचा. त्याची लेंडी सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त लांब आणि किंचित वाकडी. तिसरी घूस. तिची खूण लेंडीपेक्षा मातीत दिसते: जोत्यालगत मोठं बीळ आणि तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग.

चौथी चिचुंद्री. लांब निमुळतं नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेने चिक्‌चिक् करत पळणारी, अंगाला उग्र वास. ती उंदीर नाहीच. ती झुरळं, रातकिडे आणि इतर किडे खाते, धान्याची पोती फोडत नाही. ती पिंजऱ्यात सापडली तर कृपा करून बाहेर सोडून द्या, ती तुमचंच काम करत असते.

पालीच्या विष्ठेनेही गोंधळ होतो. तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या लेंडीला तो नसतो.

येण्याजाण्याचा रस्ता कळायला सर्वांत उत्तम साधन घरातच आहे: रांगोळी. संध्याकाळी दाराच्या आत, भिंतीच्या कडेने आणि संशयास्पद भोकापुढे रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरा. थर कागदाएवढा पातळ हवा, जाड झाला तर ठसे नीट उमटत नाहीत. पीठ वापरू नका, ते उंदराला खाऊच आहे. सकाळी उन्हं तिरपी असताना वाकून बघा. पुढच्या पायांची चार आणि मागच्या पायांची पाच बोटं उमटलेली दिसतात, मधे कधीकधी शेपटीची बारीक रेघ असते. ठसे भिंतीला चिकटून जाताना दिसतील, कारण उंदीर मोकळ्यातून जाणं टाळतो. ठसे कुठून निघतात आणि कुठे संपतात, तेवढं कागदावर उतरवून ठेवा. चाप कुठे लावायचे हे त्यावरूनच ठरणार आहे.

खाणं हटवा, सामान उचला

छोट्या उंदराला दिवसाला ३-४ ग्रॅम खाणं पुरतं. पाणीही फारसं लागत नाही, खाण्यातला ओलावा भागवतो. म्हणजे पोत्याच्या शिवणीतून गळलेले दाणे हा त्याचा महिन्याचा बाजार झाला.

बागवाल्या घरांत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. आपण धान्य शोधतो, पण शेंगदाण्याची पेंड, हाडांचा चुरा, बियाण्यांच्या पुड्या आणि पक्ष्यांसाठी आणलेली बाजरी-राळा तिथेच कागदी पिशवीत पडून असतात. उंदराला हे सगळं चालतं. कुत्र्या-मांजराचं कोरडं खाद्य तर त्याचं अगदी आवडतं. यातलं काहीही प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पातळ प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका, तो ते एका रात्रीत फोडतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा जुनी धान्याची कोठी हवी. कोठी जुन्या बाजारातही मिळते, झाकण नीट बसतंय एवढं पाहून घ्या.

मग सामान. सगळं बाहेर अंगणात काढा. तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे घालूनच. गाद्या, गोधड्या, रद्दीचे गठ्ठे आणि मखराचं कापड हीच घरट्यांची जागा. कुरतडलेल्या कागदाचा किंवा कापसाचा मुठीएवढा गोळा दिसला तर ते घरटं. कुरतडलेली गादी परत आत नेऊ नका. जे ठेवायचं ते झाकणाच्या टबात, आणि टब जमिनीवर न ठेवता लोखंडी रॅकवर, खाली वीतभर मोकळी जागा सोडून. रॅक भिंतीपासूनही थोडं पुढे ओढा. भिंतीलगतची पट्टी मोकळी असली की लेंडी लगेच दिसते आणि उंदराला आडोसा मिळत नाही.

भोकं

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. भर दुपारी शेडमध्ये जा, दार आतून लावून घ्या, दिवा बंद ठेवा आणि दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की जिथून जिथून उजेड आत येतोय ती प्रत्येक फट दिसेल. प्रत्येक ठिकाणी खडूने गोल करा. मग पेन्सिल घेऊन फिरा. पेन्सिल जिथे शिरते, म्हणजे ६-७ मिलिमीटरची फट, तिथून छोटा उंदीर शिरू शकतो. त्याचं डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. मोठ्या उंदराला अंगठा जाईल एवढं भोक पुरतं.

पत्र्याच्या शेडला भोकं बहुधा ठरलेल्या जागी असतात. सर्वांत मोठी वाट वरती: छपराचा पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली एक कमान उघडी राहते. लोक खालची भोकं बुजवून दमतात आणि वरती दहा-पंधरा दरवाजे उघडेच असतात. तिथे पाव इंची छिद्रांची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी, पन्हळीच्या आकारात कापून आतून स्क्रूने बसवा. पातळ ॲल्युमिनियमची डासांची जाळी इथे टिकत नाही, उंदीर ती फाडतो. जाळीमुळे हवा खेळती राहते, म्हणून मी इथे सिमेंटपेक्षा जाळीच सुचवेन. रविवार पेठेत बोहरी आळीत ही जाळी फुटावर कापून देतात. जाताना वरच्या कडेची लांबी आणि पन्हळीची उंची मोजून न्या.

दुसरी जागा दाराची खालची फट. रबरी पट्टी एकटी लावली तर काही दिवसांत कुरतडली जाते. दाराला बाहेरून खालच्या कडेला पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ठोका आणि उंबऱ्यापाशी जमीन खडबडीत असेल तर सिमेंटने सपाट करून घ्या. दार लावल्यावर पेन्सिल जाता कामा नये.

वायर किंवा पाण्याचा पाइप जिथून आत येतो ते भोक पाइपापेक्षा नेहमी मोठं पाडलेलं असतं. तिथे भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट किंवा एम-सील दाबून बसवा. नुसती घासणी ओढून काढता येते, नुसतं ओलं सिमेंट सुकायच्या आत उकरलं जातं, दोन्ही मिळून टिकतं. फवाऱ्याच्या डब्यातला फोम दिसायला भोक बुजवतो, पण उंदीर त्यातून आरामात बोगदा काढतो.

विटांच्या भिंतीतली भोकं एकास तीन सिमेंट-वाळूने भरा. जोत्यालगत घुशीचं बीळ असेल तर नुसतं तोंड लिंपून उपयोग नाही, ती बाजूने नवं काढते. शेडच्या कडेने फूट-दीड फूट खोल चर खणा, जाळी उभी बसवा आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून माती लोटा. खणत आलेली घूस या वळलेल्या पट्टीवर अडते. मेहनतीचं काम आहे, पण जमीन खचून फरशीला तडे जाण्यापेक्षा परवडतं.

भोक चालू आहे की जुनं, हे कळायला त्यात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच कोंबून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडलेला दिसला तर भोक चालू. दोन-तीन रात्री जागेवर राहिला तर कायमचं बुजवायला हरकत नाही. सगळी भोकं बुजवली की त्याच संध्याकाळी आत चाप लागले पाहिजेत. आत कोंडलेला उंदीर नवी वाट कुरतडायला वेळ लावत नाही.

चाप कसा लावायचा

छोट्या उंदरासाठी साधा स्प्रिंगचा चाप सर्वांत खात्रीचा आणि, नीट लावला तर, सर्वांत कमी यातना देणारा. लोक एकच चाप आणून महिनाभर खोलीच्या मधोमध ठेवतात. उलट करा: पाच-सहा चाप, थोड्याच रात्री, भिंतीच्या कडेला. चाप भिंतीशी काटकोनात ठेवायचा, आमिषाचं टोक भिंतीकडे. रांगोळीत ठसे होते तिथे, एकमेकांपासून साधारण ६ फुटांवर. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे लेंड्यांपासून दूर लावलेला चाप वाया जातो.

आमिष तुरीच्या डाळीएवढंच घ्या. भज्याचा मोठा तुकडा लावला तर तो कडेने कुरतडून जातो आणि चाप तसाच राहतो. शेंगदाण्याचं कूट गुळात मळून त्याची चिकट गोळी चापाच्या पट्टीवर दाबून बसवा. चाटायला वेळ लागतो आणि जोर पडतो. भाजलेलं खोबरं किंवा सुकट असेल तर ती दोऱ्याने बांधा. पहिल्या दोन रात्री आमिष लावून चाप न ताणता ठेवा. छोटा उंदीर नवी वस्तू बघायला स्वतःहून येतो, पण काळा उंदीर आणि घूस नव्या वस्तूपासून कित्येक दिवस लांब राहतात. त्यांच्यासाठी ही सवय लावणं फार गरजेचं आहे, आणि त्यांना चापही मोठा लागतो. घरात लहान मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर चाप लाकडी खोक्यात ठेवून खोक्याला दोन बाजूंनी दीड इंची भोकं पाडा.

गणपतीचं वाहन म्हणून ज्यांचा हात धजत नाही त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. त्यांनी एक करावं: खाणं आणि गाद्या काढल्यावर एक सोडून बाकी सगळी भोकं बुजवा. त्या एका भोकाच्या आत-बाहेर रांगोळी टाकत राहा. आत काही मिळत नाही म्हटल्यावर उंदीर हळूहळू बाहेरची वाट धरतात. ठसे थांबले की ते भोकही बंद करा. जिवंत पकडायचा पिंजरा लावला तर तो सकाळ-संध्याकाळ बघायलाच हवा, उन्हात पत्र्याखाली जनावर तडफडून मरतं. पकडलेला उंदीर टेकडीवर किंवा दुसऱ्याच्या सोसायटीशेजारी नेऊन सोडणं मला पटत नाही. अनोळखी जागी त्याचा टिकाव लागणं कठीण, आणि टिकलाच तर तो दुसऱ्या कुणाच्या घरात शिरतो.

चिकट पॅड आणू नका. उंदीर त्यावर तासन्‌तास जिवंत अडकून राहतो, आणि पाली, चिचुंद्र्या, कधी चिमण्याही चिकटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही त्याविरुद्ध राज्यांना लिहिलेलं आहे. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल आणि प्लगला लावायची आवाजाची यंत्रं यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्या पैशांची जाळी आणा.

विषाबद्दल स्पष्टच

परसातल्या शेडसाठी विष हा माझ्या मते शेवटचा पर्याय, आणि बहुतेकांना तिथवर जायची वेळच येत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणि झिंक फॉस्फाइड घरात आणूच नका. दोन्हींवर उतारा नाही. फॉस्फरसची पेस्ट पोटात गेलेला माणूस एखाद-दोन दिवस बरा वाटतो आणि मग त्याचं यकृत निकामी होतं. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं थांबतं, उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तोही गादीच्या पोटात किंवा भिंतीमागे. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा. विष खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजर किंवा गव्हाणी घुबड उचलतं, आणि ते विष त्यांच्यातही उतरतं. आपल्यासाठी फुकटात उंदीर मारणाऱ्यांनाच आपण असं मारतो.

कुणाच्या पोटात विष गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघू नका, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा, आणि विषाचं पाकीट सोबत न्या.

सफाई

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. झाडूने धूळ उडते आणि तीच नाकात जाते. दार अर्धा तास उघडं ठेवून हवा खेळू द्या. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं द्रावण लेंड्यांवर आणि घरट्यांवर भिजेपर्यंत शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग जुन्या फडक्याने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलायचा नाही, यामागे या शहराचा अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याने अतोनात माणसं गमावली. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तो आजार उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत यायचा. आज प्लेग आपल्या दारात नाही, पण पिसवांची रीत तीच आहे: उंदीर थंड पडला की त्या दुसरं ऊबदार अंग शोधतात. म्हणून चापासकट उंदरावर ब्लीचचं पाणी शिंपडा, पिशवी हातावर उलटी घालून तो उचला आणि परसात दोन फूट खोल पुरा. कचरा वेचणाऱ्या ताई हाताने वर्गीकरण करतात, त्यांच्या ओल्या कचऱ्यात तो टाकू नका.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. शेडच्या आसपास गमबूट घाला. नंतरच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांच्या जागी काम केल्याचं आवर्जून सांगा.

बाहेरचं परस

छपरावर टेकलेली आंब्याची किंवा रामफळाची फांदी म्हणजे काळ्या उंदराचा पूल. पत्र्यापासून निदान ३ फूट अंतर हवं. मोठी फांदी तोडायची असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. कंपोस्टच्या ड्रममध्ये शिजवलेलं अन्न टाकत असाल तर ड्रमच्या हवेच्या भोकांनाही तीच पाव इंची जाळी लावा. विटांचा, फरश्यांचा किंवा लाकडांचा ढीग शेडला लागून ठेवू नका.

जिथे उंदीर, तिथे त्यांच्या मागावर साप. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, पण टेकड्यांच्या पायथ्याला घोणस आणि नागही असतात. त्यामुळे सामान हलवताना हात घालण्याआधी काठीने ढकला, अंधारात बॅटरी घ्या. साप दिसला तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हे सगळं करायला सर्वांत चांगला महिना मे. पावसाने शेतातली आणि नाल्याकाठची बिळं भरली की उंदीर कोरड्या जागा शोधत येतात, त्याआधी शेड बंद झालेली हवी. काम संपल्यावर दोन आठवडे रांगोळी स्वच्छ राहिली तर शेड रिकामी आहे असं धरा. पुढे वर्षातून दोनदा, वळवाच्या पावसानंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत, पुन्हा दार लावून आत अंधारात उभे राहा. वाऱ्याने पत्रा हलतो, स्क्रू ढिले होतात, आणि मागच्या खेपेला नसलेली फट दिसते. खडू, पेन्सिल, तारेची घासणी आणि एम-सीलचं एक पाकीट यासाठी शेडच्या दाराशीच एका डब्यात ठेवून द्या.